रोजनिशी, बाड आणि प्रार्थना

वाङ्मयप्रकारांचा विचार करताना टीकाकाराची दृष्टी सहसा छापील पुस्तकापाशी येऊन थांबते. आत्मचरित्र, आठवणी, पत्रे यांना मराठी टीकेने आपल्या कक्षेत घेतले. परंतु जी वही कोणाला दाखविण्यासाठी लिहिलेलीच नसते, तिची चिकित्सा करण्याचा प्रसंग क्वचित येतो. अशा वह्यांत एक प्रकार विशेष लक्षणीय आहे. पहाटे शास्त्रातला एखादा अध्याय वाचावा, त्यातील मनाला लागलेले वचन उतरून घ्यावे, त्याखाली आपली शंका, आपला दोष, आपले मागणे दोन-चार ओळींत लिहावे, आणि वही मिटून प्रार्थनेला बसावे, असा नेम ख्रिस्ती कुटुंबांतून चालत आला आहे. या नेमातून जे लिहिले जाते ते केवळ साधनेचे साहित्य, की त्याला वाङ्मय म्हणूनही काही मूल्य आहे? आणि मूल्य असेल, तर ते कोणत्या कसोटीवर ठरवावे?

हा प्रश्न बंगळूरसारख्या नगरात अधिक जवळचा वाटावा, याला कारणे आहेत. १९१० मध्ये येथे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज स्थापन झाले. त्याच्या संस्थापकांत वेस्लियन मिशन होते, तसेच लंडन मिशनही होते. आणि याच लंडन मिशनने एकोणिसाव्या शतकात बेळगावात जी शाळा चालविली तिच्यात बाबा पदमनजींचे आरंभीचे शिक्षण झाले. कॅथलिक पंथाचे बायबल, धर्मशिक्षण व उपासना यांसाठीचे राष्ट्रीय केंद्र फादर अमलोर्पवदास यांच्या नेतृत्वाखाली याच नगरात उभे राहिले. विनोबांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये स्थापन झालेले वल्लभनिकेतनही येथेच आहे. शास्त्र कसे वाचावे आणि वाचलेले जीवनात कसे उतरवावे, याविषयीचे निरनिराळे विचारप्रवाह एका नगरात असे शेजारी शेजारी नांदत आहेत. त्यांतील प्रत्येकाचे वहीशी असलेले नाते मात्र वेगळे आहे. ते वेगळेपण ध्यानात घेतल्यावाचून प्रार्थनेच्या रोजनिशीचे मूल्यमापन होणार नाही.

प्रथम पश्चिमेकडील परंपरा पाहू. संत ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहावयास घेतलेले आत्मनिवेदन ईश्वराला उद्देशून आहे. पण ती रोजनिशी नव्हे. तिथे लेखक पैलतीरावर पोचून मागे वळून पाहत आहे. खऱ्या अर्थाने प्रार्थनेची रोजनिशी म्हणता येईल असा एक प्राचीन नमुना जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या वहीचा. १५४४-४५ मधील तिचा काही भाग आज उपलब्ध आहे. संघाच्या मंदिरांना ठराविक उत्पन्न असावे की नसावे, हा एक व्यावहारिक प्रश्न त्याच्यापुढे होता. तो रोज मिस्सा अर्पण करी, प्रश्न ईश्वरापुढे मांडी, आणि त्या दिवशी मनाचा कल कोणीकडे झुकला, अश्रू आले की नाही, याची अगदी त्रोटक नोंद करी. या वहीत वर्णन नाही, अलंकार नाही, वाचकाची चाहूलही नाही. लिहिणाऱ्याला उत्तर ठाऊक नाही आणि तो ते ऐकण्यासाठी थांबला आहे, एवढेच तिच्यातून कळते. पण तेवढ्यानेच ती आजही वाचणाऱ्याला धरून ठेवते.

याच्या उलट टोकाला जॉन वेस्लीचे उदाहरण आहे. त्याने १७२५ पासून दोन निरनिराळ्या जातींचे लेखन केले. एक खाजगी दैनंदिनी. ती सांकेतिक लिपीत व लघुलेखनात असून तिच्यात तो दिवसातील वेळेचा काटेकोर हिशेब ठेवी. दुसरे प्रसिद्ध करण्यासाठी लिहिलेले वृत्त, जे १७४० च्या सुमारास भागाभागाने छापले जाऊ लागले. पहिले कोणाला वाचता येऊ नये अशी व्यवस्था. दुसरे सर्वांनी वाचावे असा हेतू. एकाच माणसाने एकाच आयुष्याच्या या दोन वह्या केल्या, आणि त्यांतील अंतर हेच या वाङ्मयप्रकारापुढील मुख्य संकट होय. खाजगी वही निव्वळ हिशेबाकडे झुकते, तर प्रसिद्ध वही उपदेशाकडे. पहिलीत मनुष्य आपल्या दोषांची जमाखर्चाची खतावणी मांडतो. दुसरीत तो आपल्या अनुभवाचे प्रवचन करतो. प्रार्थना दोहोंतूनही निसटण्याचा संभव असतो.

हेन्री मार्टिनचे वृत्त या दोहोंच्या मधोमध उभे आहे. तो १८०६ मध्ये भारतात आला. नव्या कराराचे उर्दू आणि फारसी भाषांतर करीत राहिला. आणि १८१२ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तुर्कस्तानात तोकात येथे एकाकी मरण पावला. त्याच्या वहीच्या आधारे प्रथम १८१९ मध्ये चरित्र निघाले, आणि १८३७ मध्ये तिचा विस्तृत भाग स्वतंत्रपणे छापण्यात आला. तिच्यात आत्मनिंदेचा सूर इतका वारंवार येतो की कित्येकदा वाचकाचा जीव गुदमरतो. परंतु भाषांतराचे काम सुरू झाले म्हणजे त्या लेखनात निराळेच चैतन्य येते. एका शब्दाला परभाषेत शब्द शोधताना तो स्वतःला विसरतो, आणि स्वतःला विसरताच त्याचे लेखन प्रार्थनेच्या अधिक जवळ जाते. सतत स्वतःकडे पाहणे म्हणजे अंतर्मुखता नव्हे, हे मार्टिनच्या वहीतून जसे कळते तसे एखाद्या उपदेशातून कळणे कठीण.

ही परंपरा मराठीत आली ती मुख्यतः मिशनांच्या मार्गाने. मुंबईचे जॉन विल्सन यांनी १८३८ मध्ये आपल्या दिवंगत पत्नीचे, मार्गारेट विल्सन यांचे, जे स्मृतिचरित्र प्रसिद्ध केले, त्यात त्यांची पत्रे व दैनंदिन टिपणे यांचे उतारे आहेत. अशा वातावरणात शिकलेल्या पिढीतील श्रेष्ठ मराठी लेखक म्हणजे बाबा पदमनजी. त्यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगावात झाला आणि बाप्तिस्मा १८५४ मध्ये त्याच गावी झाला. 'यमुनापर्यटन' १८५७ चे. 'अरुणोदय' हे आत्मचरित्र १८८८ चे. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत 'अरुणोदया'चे स्थान वादातीत आहे. बालपणीचे कुलाचार, वाचन, परमहंस सभेतील दिवस, संशय आणि निश्चय यांचा जो आलेख त्यात आहे, तो त्या काळच्या मराठी मनाचा दस्तऐवज म्हणून अमोल आहे.

तथापि 'अरुणोदया'ची जात ओळखली पाहिजे. बाप्तिस्म्याच्या प्रसंगानंतर चौतीस वर्षांनी ते प्रसिद्ध झाले आहे. त्याचे नावच सांगते की रात्र संपली असून उजाडल्याचे लेखकाला ठाऊक आहे. त्यामुळे अंधाराचे जे जे वर्णन येते ते उजेडात बसून केलेले वर्णन असते. प्रत्येक संशयाला त्याचे उत्तर आधीच चिकटलेले असते. ही साक्ष आहे, आणि साक्षीचा धर्मच असा की तिने निर्णयाकडे नेले पाहिजे. रोजनिशीचा धर्म वेगळा. ज्या दिवशी ती लिहिली जाते त्या दिवशी पुढचे पान कोरे असते. ज्याला उद्याची खात्री नाही त्यानेच ती लिहिलेली असते. मराठी ख्रिस्ती गद्याची चर्चा करताना साक्ष आणि रोजनिशी या दोहोंची सरमिसळ केली जाते, आणि मग साक्षीची सुबक रचना हीच अंतरंगाची खरी प्रतिमा म्हणून स्वीकारली जाते. हा साक्षीचा दोष नव्हे. वाचणाऱ्याच्या दृष्टीचा आहे.

मराठीची स्वतःची परंपरा याबाबत काय सांगते? येथे 'वही' हा शब्दच अर्थपूर्ण आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तरल्या, ही कथा मराठी मनात इतकी खोल रुजली आहे की भक्तीची वही ही खाजगी वस्तू असू शकते ही कल्पनाच आपल्याला सहज सुचत नाही. संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात आपले आयुष्य अभंगांतून सांगितले. पतीचा जाच, वासराचा लळा, तुकोबांचे स्वप्नदर्शन हे सर्व त्यांत आहे. जस्टिन ॲबट यांनी १९२९ मध्ये इंग्रजीत भाषांतर करून ते निवेदन परभाषिकांपर्यंत नेले. पण त्या निवेदनाला तारीख नाही. अभंगाला नाममुद्रा असते, तिथी नसते. कोण बोलले हे कळते. कोणत्या दिवशी, हे विचारण्याचे प्रयोजनच उरत नाही. त्या दिवसाचे दुःख सर्व दिवसांचे व्हावे, हीच अभंगाची प्रतिज्ञा आहे.

अभंगाच्या जोडीला आणखी एक देशी प्रकार आहे, तो म्हणजे बाड. वारकरी, कीर्तनकार आणि मठांतील शिष्य यांनी आपापल्या नित्यपाठासाठी, निरूपणासाठी जी हस्तलिखिते तयार केली, त्यांत स्वतःचे असे एक अक्षर नसते. सगळी उतरवून घेतलेली वचने. परंतु कोणते वचन घेतले, कोणाच्या शेजारी कोणते ठेवले, कोणते पुन्हा लिहिले, यातून उतरवणाऱ्याचा स्वभाव उमटल्यावाचून राहत नाही. राजवाडे आणि धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी अशी जुनी बाडे खेडोपाडी हिंडून गोळा केली नसती, तर मराठीचा केवढा ठेवा वाळवीच्या तोंडी गेला असता!

म्हणजे भक्तीच्या टिपणांची दोन कुळे मराठी माणसापुढे आहेत. रोजनिशीत 'मी' आहे आणि तारीख आहे, पण तिला आत्मगौरवाचे किंवा आत्मनिंदेचे भय आहे. बाडात वचन आहे आणि विनय आहे, पण ज्या दिवशी ते वचन भेदून गेले तो दिवस हरवलेला आहे. शास्त्रवाचनाबरोबर ठेवलेली प्रार्थनेची वही या दोहोंचा संगम साधू शकते: वरच्या अर्ध्यात बाड, खालच्या अर्ध्यात रोजनिशी. वर उतरवलेले वचन खालच्या 'मी'ला आवर घालते. खालची तारीख वरच्या वचनाला जमिनीवर आणते. हा संगम जिथे साधतो तिथेच या लेखनाला वाङ्मयीन मूल्य येते. जिथे तो साधत नाही तिथे एकतर वचनांची नुसती नक्कल उरते, नाहीतर स्वतःचेच रडगाणे.

विनोबांची 'विचारपोथी' या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. तीत छोटी छोटी, क्रमांकित वचने आहेत. ती विनोबांचीच आहेत, पण त्यांतून त्यांनी स्वतःचा दिवस जवळजवळ पुसून टाकला आहे. हे स्वतःच्या चिंतनाचे बाड म्हणावे लागेल. ज्यांनी 'गीताई' रचली आणि पुढे नव्या करारातील वचनांची निवड करून 'ख्रिस्तधर्मसार' सिद्ध केले, त्यांची वृत्ती वचन वेचण्याची होती. वचन आपल्या अंगावर कसे आले हे सांगण्याची नव्हती. 'विचारपोथी'चे तेज याच संयमात आहे. परंतु नवशिक्या साधकाने तिचे अनुकरण केले तर धोका संभवतो. ज्याने रात्र जागून काढलेली नाही त्याचे सूत्ररूप वाक्य पोकळ वाजते.

याच्या अगदी उलट, तारखेला कधीही न सोडणारी वही म्हणजे स्वामी अभिषिक्तानंदांची. आंरी ल सो हे त्यांचे मूळ नाव. १९४८ मध्ये ते फ्रान्समधून भारतात आले, १९५० मध्ये त्यांनी कावेरीकाठी मोन्शानँ यांच्यासह शांतिवनम् आश्रम स्थापिला, आणि डिसेंबर १९७३ मध्ये इंदूर येथे देह ठेवला. या पंचवीस वर्षांतील त्यांच्या वह्यांतील निवडक भाग रायमोन पणिक्कर यांनी संपादिला. तो १९८६ मध्ये फ्रेंचमध्ये आणि १९९८ मध्ये इंग्रजीत निघाला. उपनिषदांतील अद्वैत आणि नित्याची मिस्सा, अरुणाचल आणि शुभवर्तमान, या दोन निष्ठांपैकी एकीलाही सोडणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी प्रसिद्धीसाठी लिहिलेल्या पुस्तकांत हा पेच पुष्कळसा सुटल्यासारखा दिसतो. वहीत तो सुटत नाही. आज लिहिलेले काही दिवसांनी खोडले जाते. धन्यतेच्या पानामागून भयाचे पान येते. ही वही विचारवंत म्हणून त्यांची अपुरी बाजू दाखविते असे कोणी म्हणेल. पण त्यांची प्रार्थना जर कोठे ऐकू येत असेल तर ती या अपुरेपणातच.

येथे बंगळूरचा संदर्भ पुन्हा येतो. डिसेंबर १९७४ मध्ये, अभिषिक्तानंदांच्या निधनानंतर एका वर्षाने, येथील राष्ट्रीय केंद्रात बायबलेतर धर्मग्रंथ या विषयावर परिसंवाद झाला. त्यातील निबंधांचा ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. अन्य धर्मांच्या शास्त्रवचनांना ख्रिस्ती उपासनेत स्थान असावे काय, हा त्यातला प्रश्न. परिसंवादाला भूमिका घ्यावी लागते, मर्यादा आखाव्या लागतात. ते योग्यच आहे. पण ज्या प्रश्नाची चर्चा सभागृहात पंडितांनी केली, तो त्याआधी कित्येक वर्षे एका माणसाच्या वहीत तारीखवार जगला जात होता. सभागृहातील ठराव आणि वहीतील पान यांत अधिक विश्वसनीय कोणते, असा वाद घालण्याचे कारण नाही. परंतु पानाशिवाय ठराव कोरडा राहतो, हे मान्य करावे लागेल.

स्वतः पवित्र शास्त्राचाही दाखला याच बाजूने मिळतो. स्तोत्रसंहितेतील कित्येक स्तोत्रांना त्यांच्या प्रसंगाचे शीर्षक जोडलेले आहे: नाथान संदेष्टा दाविदाकडे आल्यानंतरचे एक, मुलापासून पळताना केलेले दुसरे. गायनासाठी असलेल्या पदालाही त्या परंपरेने दिवसाची खूण चिकटवून ठेवली. आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याला आशेचा शेवट जोडण्याचा मोह संकलकांनी आवरला. सर्व उत्तरे हाती असलेल्या धर्मग्रंथाने एक अनुत्तरित प्रार्थना आपल्या पोटात सांभाळली, ही गोष्ट प्रार्थनेची वही लिहिणाऱ्याने आणि तिच्या संपादकानेही विसरू नये.

उरला भाषेचा प्रश्न. आणि परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाच्या बाबतीत तो सर्वांत नाजूक आहे. बंगळुरात राहणाऱ्याचा दिवस कानडी, इंग्रजी, तमिळ, उर्दू अशा भाषांतून जातो. धर्मशास्त्राचे उच्च अध्ययन इंग्रजीतून होते. अशा स्थितीत प्रार्थनेची वही कोणत्या भाषेत लिहावी, हा शैलीचा नव्हे, सत्याचा प्रश्न बनतो. शिकलेल्या भाषेत पापाची कबुली देणे सोपे असते, कारण तिथे शब्द तयार मिळतात आणि टोचत नाहीत. 'आपण मत्सर केला' हे मायबोलीत लिहिताना हात अडखळतो. तो अडखळणे हेच त्या नोंदीचे सार्थक. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, वर्षानुवर्षे खपून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतर ख्रिस्तभक्तीला अभंगाचे रूप दिले. दोघांनीही जाणले होते की परक्या शब्दांत केलेली प्रार्थना ओठांवरच राहते. रोज एक वचन वाचून ते आपल्या बोलीत पुन्हा लिहून पाहणारा सामान्य उपासक हेच भाषांतर लहान प्रमाणावर करीत असतो. कोणता शब्द त्याला सापडला नाही आणि ती जागा त्याने कशी रिकामी सोडली, हे पाहणे भाषांतराच्या अभ्यासकालाही उद्बोधक ठरेल.

एवढ्या विवेचनानंतर या लेखनासाठी तीन कसोट्या सुचविता येतील. नोंद कोणाला उद्देशून आहे: ईश्वराला, स्वतःला, की भावी वाचकाला? वाचलेल्या वचनाने लिहिणाऱ्याला कोठे अडविले आहे काय, की त्याने आपलेच मत वचनाच्या मुखी घातले आहे? आणि नोंद उत्तराची वाट पाहते, की उत्तर स्वतःच देऊन मोकळी होते? या कसोट्यांना भाषासौष्ठवाची फारशी गरज नाही. अशुद्ध लेखनातली, मोडक्या वाक्यांची वही त्यांना उतरेल, आणि एखाद्या विद्वानाची सुबक दैनंदिनी उतरणार नाही.

या वह्यांचे भवितव्य मात्र चिंतेचे आहे. लिहिणारा गेला की घरची माणसे ती वही एकतर भक्तिभावाने पेटीत ठेवतात, नाहीतर रद्दीत घालतात; क्वचित कोणी ती छापतो, पण छापताना तारखा गाळतो, संशयाची पाने वगळतो आणि तिची साक्ष करून टाकतो. हा अन्याय सद्हेतूने होतो, म्हणूनच तो अधिक टिकतो. लिहिणाऱ्याने जी पाने कोणालाच दाखवायची नाहीत असे सांगितले असेल ती न दाखविणे हे संपादकाचे पहिले कर्तव्य आहे. त्यात वाङ्मयाचा तोटा झाला तरी चालेल. परंतु जी वही वारसांच्या संमतीने प्रकाशात यावयाची ती तारखांसह, खाडाखोडींसह, तिच्या रिकाम्या पानांच्या नोंदीसह यावी. बाडांच्या बाबतीत राजवाड्यांनी आणि देवांनी जी आस्था दाखविली ती या वह्यांच्या वाट्याला आली, तर मराठी गद्याच्या इतिहासात एका अबोल प्रकरणाची भर पडेल. ती आस्था आधी घराघरांतून सुरू व्हावी लागेल. ग्रंथसंग्रहालयांचे काम त्यानंतरचे आहे.